नागपूरला कारभारी एकच हवा की दोन-तीन?

धरमपेठकर: १८६४ ची नगरपालिका १९५१ साली महानगरपालिका झाली. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नासुप्र, १९३६ पासून आहेच, आणि २०१७ मध्ये शहराबाहेरच्या गावांसाठी एनएमआरडीए हे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. लेआऊट एकाचा, गडरलाइन (सांडपाण्याची गटारं) दुसऱ्याची! इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलने २००९ साली काउंटी कौन्सिल आणि सहा जिल्हा कौन्सिलं मोडून एकच कौन्सिल केलं. आपल्याकडे नासुप्र बरखास्त करायची घोषणा होते आणि पुढे गुंडाळली जाते. भूखंड विकणाऱ्या, विकासशुल्क घेणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष सनदी अधिकारी. त्याला मतदार काय विचारणार?

महालवाला: आणि मनपात विचारता येतं म्हणता? महापौर अडीच वर्षांचा, मान मोठा, अधिकार बेताचे. तिजोरीच्या किल्ल्या १६ जणांच्या स्थायी समितीकडे, अंमल आयुक्तांचा. २०२२ ला मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं प्रशासकच होता. तेव्हा मनपा एकाच हातात होती की. झालं का सोनं?

धरमपेठकर: प्रशासक म्हणजे एकस्तरीय कारभार नव्हे, भाऊ. ती तर लोकप्रतिनिधींची सुट्टी.

बेसा_पिपळा: काहून भांडता बाप्पा? आमच्याकडे या. घराचा नकाशा एनएमआरडीएकडे, कचरा नगरपंचायतीकडे, शाळा जिल्हा परिषदेची. शेजारच्या रिकाम्या प्लॉटात पावसाळाभर पाणी साचलं, मच्छरांनी जीव खाल्ला. एका कार्यालयात अर्ज दिला, तर त्यावर 'योग्य त्या कार्यालयाकडे सादर करावा' असा शेरा मारून परत. योग्य कार्यालय कोणतं, ते काही लिहिलं नाही.

महालवाला: हे खरं दुखणं, मान्य. पण कॉर्नवॉलचं अर्धंच सांगता तुम्ही. तिथे एकच कौन्सिल झालं तरी खालच्या पॅरिश कौन्सिली, म्हणजे गावपातळीच्या, राहिल्याच. शिवाय मोठ्या कौन्सिलचे १२३ सदस्य होते, ते २०२१ मध्ये ८७ वर आले. म्हणजे एका सदस्यामागे गावं वाढली. आपल्या दहा झोनना स्वतःचं बजेट, स्वतःचा निर्णय आहे का? नाही. वरून १५१ नगरसेवक ३८ प्रभागांत, बहुतेक ठिकाणी चौघं. गडर तुंबली की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आधी एका वॉर्डाला एक नगरसेवक द्या.

धरमपेठकर: द्या ना, नाही कोण म्हणतो? पण त्या एकट्या नगरसेवकालाही नासुप्रच्या लेआऊटमधला रस्ता मागायला दुसऱ्याच दारात जावं लागेल.

महालवाला: जाऊ द्या की. विलीन केल्यावर नासुप्रचे कर्मचारी, देणी, अर्धवट लेआऊट कोणाच्या डोक्यावर पडतील, तेवढं सांगा. तुमच्या-माझ्या घरटॅक्सवरच ना?