वाळवंटी हत्ती वेगळी जात नाही, मग वाचवायचे कशाला?

रानवाट: परवा इथे एकाने लिहिलं, "नामिबियातले वाळवंटी हत्ती म्हणजे आफ्रिकेच्या गवताळ रानातले साधे सव्हाना हत्तीच. देशात वीस हजारांवर हत्ती आहेत, वायव्येतले मूठभर गेले तर काय बिघडलं?" तेव्हापासून डोक्यात आहे.

जात वेगळी नाही, मान्य. २०१६ च्या जनुकीय अभ्यासातही वेगळी जात असल्याचं निघालं नाही. पण होआनिब, होआरुसिब, उगाब या नद्यांच्या कोरड्या पात्रांत जगण्याची विद्या रक्तातून येत नाही. कुठल्या वळणावर वाळू उकरली की पाणी लागतं, हे म्हातारी हत्तीण पुढे चालून दाखवते. ॲना झाडाच्या शेंगा ऐन कोरड्या दिवसांत पडतात, ती जागा तिला ठाऊक असते. ती गेली की इटोशाच्या राष्ट्रीय उद्यानातून आणून सोडलेल्यांना हे कोण शिकवणार? शिवाय धोक्यातल्या जातींची जागतिक यादी करणाऱ्या आयूसीएनने २०२१ मध्ये सव्हाना हत्तीच 'संकटग्रस्त' ठरवलाय.

तिलारीकाठ: म्हातारीचं कौतुक लांबून करायला ठीक आहे. आमच्या दोडामार्गात, सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या खोऱ्यात, २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतायत. एका रात्री माड मोडल्याचा आवाज ऐकला. सकाळी पाहिलं तर आजोबांनी लावलेले अकरा माड आडवे, कोवळा गाभा ओरबाडलेला, चिखलात सुपाएवढी पावलं. पंचनाम्याला चार खेपा घातल्या. मिळालं त्यात नवी रोपंही आली नाहीत. माड धरायला किती वर्षं लागतात, माहीत आहे?

रानवाट: धागा नामिबियाचा आहे हो! प्रत्येक वेळी तिलारी कशाला?

तिलारीकाठ: कारण प्रत्येक वेळी शेतकऱ्याला गप्प बसवता म्हणून!

विंडहूककर: भांडू नका. इथे नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकला कामाला आहे, वायव्येतल्या कुनेने प्रांतात दोनदा जाऊन आलोय. तिथल्या माणसांचं दुखणं तिलारीसारखंच आहे. दुष्काळात हत्ती वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीवर येतात, पाइप उपटतात, मग गुरं तहानलेली राहतात. एका वस्तीवर टाकीभोवती रचलेली दगडी भिंत पाहिली. हत्तींना पाणी प्यायला वेगळी जागा ठेवली होती. म्हातारा मालक म्हणाला, भिंत झाल्यापासून रात्री झोप लागते.

नामिबियाच्या सरकारनेही दुष्काळ आणि माणूस-हत्ती संघर्षाचं कारण देत २०२० च्या डिसेंबरात १७० हत्ती विकायला काढले. ५७ विकले गेले, त्यातले २२ मार्च २०२२ मध्ये विमानाने अमिरातीला गेले. टाकी फोडणारा हत्ती त्यातच होता का, कोण सांगणार?

रानवाट: भिंतीचा मुद्दा पटला. माझ्या लिहिण्यात टाकीवाला माणूस नव्हता, ही चूक माझी. पण कळप तोडून विकणं मला कधीच पटणार नाही.

तिलारीकाठ: विकायला मी कुठे सांगितलं? आमचे हत्तीही कळपाने येतात, पिल्लू मधे धरून. ते बघून मीही सुतळी बॉम्ब खाली ठेवलाय. पण भिंतीचा खर्च कोणी केला, तेवढं सांगा. इथे तो कोणी करत नाही.

विंडहूककर: स्वयंसेवकांनी बांधली. दगड वाहायला मालकाची पोरंही होती.