सातबाऱ्यावरचा ‘पोटहिस्सा’ म्हणजे नेमकं काय?

समुद्रकाठ (दापोली): आजोबांच्या सातबाऱ्यावर ‘स.नं. ४५ हि.नं. २अ’ (सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर २अ) आहे. घरात मात्र या जमिनीला नंबराने कोणी ओळखत नाही. आत्या ‘वडाकडची’ म्हणते, काका ‘खालचे कुणगे’ (कुणगा म्हणजे बांध घातलेला भातशेतीचा तुकडा). तलाठी भाऊसाहेब ‘पोटहिस्सा’ म्हणाले. हा शब्द आला कुठून, आणि कुणग्याशी त्याचा संबंध काय? वाटप करायचं आहे, म्हणून विचारतोय.

निवृत्त मोजणीदार: हिस्सा अरबीतला, फारसीमार्गे आपल्याकडे रुळलेला. पुढचं ‘पोट’ मराठी: मोठ्याच्या आतलं. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू, तसंच हे.

सर्व्हे नंबर इंग्रजांच्या मोजणीतून आले. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात बसवलेली पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. तीत ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याला स्वतंत्र नंबर मिळत नसे. देशावरच्या मोठ्या शेतांना ते चाललं. आपल्याकडे उतारावर बांध घालून केलेली भातशेती, कुणगा दोन-चार गुंठ्यांचा, तोही भावाभावांत वाटलेला. एका नंबरात अनेक खातेदार. मग नंबराच्या पोटात हिस्से पाडून मोजावे लागले. त्या हिश्श्यांच्या नकाशाला फाळणी म्हणतात. मी ३३ फुटी साखळी ओढलेली आहे, १६ आण्यांची, म्हणजे १६ भागांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट.

कुणगा आणि हिस्सा एक समजू नका, हे कळकळीने सांगतो. कुणग्याचा बांध पाण्याच्या सोयीने पडतो, हिश्श्याची रेघ मालकीने. एका हिश्श्यात चार कुणगे असू शकतात.

समुद्रकाठ: गावनकाशात मला नुसता ४५ दिसतो. २अ कुठे शोधू?

निवृत्त मोजणीदार: तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फाळणीची नक्कल मागा. सोबत आकारफोडही घ्या, प्रत्येक हिश्श्याचं क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, त्यात कळतो.

माडाची बाग (मालवण): सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, तो बघ. आमच्या एका उताऱ्यावर तिथे ‘मळी’ लिहिलेलं होतं, त्यावरूनच आजीच्या बोलण्यातली जमीन नंबराशी जुळली.

निवृत्त मोजणीदार: बरोबर. आणि मोजणीच्या दिवशी आत्यांना बांधावर न्या. वहिवाट कुठपर्यंत आहे ते भूकरमापकाला जागेवरच दाखवावं लागतं, आणि लगतच्या खातेदारांसमोर दाखवलेलं बरं.