नागपूरजवळ तलावाकाठी स्वतःचा तंबू टाकायचाय, परवानगी नेमकी कोणाची?

मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मी, साळा आणि आमची दोन पोट्टी (वय ९ आणि १२) तलावाकाठी एक रात्र काढायची म्हणतोय. रिसॉर्टचे तंबू आणि बारापर्यंत वाजणारा स्पीकर नको. आपला तंबू, आपलं पाणी, आपली चूल. नागपूरहून साठ-सत्तर किलोमीटरच्या आत.

मागच्या हिवाळ्यात फजिती झाली, म्हणून आधीच विचारतोय. एका लहान धरणाच्या मागच्या अंगाला, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या सपाट जागेवर तंबू टाकला. पाटी कुठेच नव्हती. गोवऱ्यांच्या आरात रोडगे टाकून वीस मिनिटं झाली नसतील, तर चौकीदार टॉर्च घेऊन हजर. "जागा सरकारी आहे." अहो, सरकारी आहे म्हणूनच तर आलो! रात्री साडेदहाला अर्धेकच्चे रोडगे डब्यात भरले. तंबूचं कापड दवानं इतकं भिजलं होतं की पिळूनच गाडीत टाकलं.

तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या आत, तो विषय संपला. अंबाझरी, फुटाळा शहरातच. रामटेकच्या खिंडसीला बोटिंगची गर्दी. उरले लहान तलाव, पण तिथे एक जण ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतो, दुसरा पाटबंधाऱ्याकडे. शिवाय मासेमारी सोसायटीची जाळी काठालाच असतात. नक्की कोणाचा कागद चालतो? आणि चुलीचं काय?

प्रतिसाद १
आधी गावात जाऊन जागेचा गट नंबर काढा आणि महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघा. बुडीत क्षेत्र संपादित असेल तर जलसंपदाच्या, म्हणजे पाटबंधाऱ्याच्याच, उपविभागाला अर्ज. लहान तलाव बरेचदा जिल्हा परिषदेकडे असतात. वन विभागाचं नाव निघालं तर तो तलाव सोडूनच द्या. राखीव जंगलात विनापरवाना चूल पेटवली तर १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ लागू शकतं. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, पण ते गावाच्या माहितीसाठी. मालक दुसरा असेल तर त्यावर भागत नाही.

ओसरलेल्या जागेचं आणखी एक. तिथे बरेचदा गाळपेर असते. तुम्हाला रिकामी दिसते, पण कोणीतरी हरभरा टाकलेला असतो.

प्रतिसाद २
मी सरकारी जागेचा नाद सोडला. काठाला लागून धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) असतात, डिसेंबरात कापणी झालेली असते. शेतकऱ्याला भेटा, पैसे द्या, त्याच्याच विहिरीचं पाणी मिळतं. तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगापासून चूल लांब, एवढंच सांभाळा. तंबू पाण्याला चिकटून नको, शे-दीडशे पावलं वर घ्या. थंडी खोलगट जागी साचते आणि दवही तिथेच जास्त. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर आला होता, पोट्ट्यांना दोन-दोन कांबळी लागतील. शौचाचा खड्डाही पाण्यापासून लांबच, जाळीवाले ढिवर त्याच पाण्यात उतरतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बांधीचं पटलं. येत्या रविवारी मौद्याकडे दोन-तीन गावं फिरून येतो. रोडगे या खेपेला पाच वाजताच आरात टाकणार.