मदत हवी आहे: रंग निघाले की पोट्टे आवरत नाहीत

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात दर रविवारी समाजमंदिरात चित्रकलेचा वर्ग घेतो. पहिली ते पाचवीचे 26 पोट्टे-पोट्ट्या, अन् मी एकटा.

पेन्सिल हातात असेपर्यंत सगळं ठीक. रंग निघाले की गोंधळ. पाण्याचे मग सहाच, त्यावरून ओढाताण, मग सांडलवंड, मग एकमेकांच्या शर्टावर ब्रश. दोन आठवड्यांपूर्वी एकाने शेजारच्या पोरीच्या चित्रावर मुद्दाम काळा रंग ओतला. मी सर्वांसमोर ओरडलो. तो रुसून गेला तो आलाच नाही. हात त्याचाच सगळ्यात चांगला, तेच डाचतंय.

गंमत म्हणजे तान्ह्या पोळ्याआधी प्रत्येकाने आपापला लाकडी नंदी रंगवला, त्या दिवशी दोन तास कोणी चकार शब्द काढला नाही! नंदी स्वतःचा होता म्हणून?

पाणी-रंग वाटायला पोरांपैकीच कोणाला नेमावं का? ज्यांचं लवकर आटपतं त्यांना काय द्यावं? उभं करणं, बाहेर काढणं मला नको. आणि त्या पोराच्या घरी जाऊ का? बाप तापट आहे, माझ्यामुळे त्याला मार बसायचा.