कॅचर निवडताना आधी हात बघायचे की बॅट?

ओमाहाची वारी (धागाकर्ता)

समजा, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बेसबॉल संघाचे तुम्ही कोच आहात. कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून पिचरचे चेंडू पकडणाऱ्याच्या, जागेवर दोन पोरं डोळा ठेवून आहेत. एकाची बॅटिंग सरासरी ०.२४०, म्हणजे शंभर संधींत २४ हिट्स (फटका मारून बेस गाठणं), यथातथाच. पण मातीत टप्पा पडलेला चेंडू त्याला चुकवून मागे जात नाही. दुसरा ०.३३० ने मारतो, अधूनमधून होम रनही ठोकतो. पण तो होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, बसला की सामन्यात दोन-तीनदा चेंडू शोधत मागच्या जाळीपर्यंत पळतो. कुणाला घ्याल?

मी पहिल्याला घेईन आणि रात्री शांत झोपेन.

कॅचर एका सामन्यात चार-पाच वेळा बॅट घेऊन उभा राहतो आणि सव्वाशे ते दीडशे चेंडू पकडतो. त्यातले बहुतेक कुणीही पकडेल, कबूल. पण हा प्रसंग बघा: तिसऱ्या बेसवर रनर, बॅटरवर दोन स्ट्राइक, तिसऱ्याला आउट. अशा वेळी पिचरचं सगळ्यात जहरी अस्त्र म्हणजे शेवटच्या क्षणी खाली मातीत घुसणारा स्लायडर. बॅटर हवेत बॅट फिरवतो आणि परत जातो. मात्र तोच चेंडू कॅचरच्या पायांतून निसटला तर रनर आरामात घरी येतो. एकोणीस वर्षांच्या पिचरला मागच्या माणसाची खात्री नसेल तर तो स्लायडर टाकतच नाही. कंबरेएवढा फास्टबॉल टाकतो आणि मार खातो. स्कोअरबुकात निसटलेला चेंडू दिसतो, न टाकलेला स्लायडर कुठेच दिसत नाही.

माझा दाखला म्हणजे ओरेगन स्टेटचा ॲडली रच्मन. २०१७ मध्ये पहिल्या वर्षी त्याची सरासरी ०.२३४ होती. कोच पॅट केसीनं तरी त्यालाच प्लेटमागे बसवलं. संघानं त्या मोसमात ५६ सामने जिंकले, ६ हरले. पुढच्या वर्षी पोरगा ०.४०८ वर गेला, ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये विक्रमी १७ हिट्स काढल्या. फायनलच्या तिसऱ्या, निर्णायक सामन्यात केव्हिन एबल या नवख्या पिचरनं आर्कान्सॉला दोन हिट्सवर शून्यात गुंडाळलं, तेव्हा मागे हाच बसला होता. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, देशात पहिला. बॅट मागून आली.

---

खडूस पंच

रच्मनचं नाव घेऊन वाद जिंकता येत नाही, कारण त्याची बॅट आली म्हणून आपण त्याचं नाव घेतो. ०.२३४ वर सुरुवात करून ०.२३४ वरच संपलेले किती कॅचर असतील? त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही.

दुसरं, २०१७ च्या त्या संघात निक मॅड्रिगल होता, ट्रेव्हर लार्नक होता. धावा काढायला माणसं होती म्हणून कॅचरची बॅट खपून गेली. ज्या संघाच्या तळाच्या चार बॅटरांची आधीच बोंब आहे, तिथे आणखी एक ०.२४० परवडत नाही.

आणि आता माझा दाखला. फ्लोरिडा स्टेटचा बस्टर पोझी. २००६ मध्ये शॉर्टस्टॉप खेळत होता. २००७ मध्ये त्याला कॅचर केलं. २००८ मध्ये ०.४६३, २६ होम रन, गोल्डन स्पाइक्स (हौशी बेसबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा) पुरस्कार आणि ड्राफ्टमध्ये पाचवा. मथितार्थ असा की प्लेटमागे बसायला एका वर्षात शिकवता येतं. ०.४६३ ने मारायला कुठला कोच शिकवतो ते मला सांगा, मी माझ्या मुलाची फी भरतो.

---

ओमाहाची वारी

पोझीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शॉर्टस्टॉप ही इनफिल्डमधली सगळ्यात अवघड जागा. तिथे खेळणाऱ्याचे हात, पाय, फेक तिन्ही आधीच तयार असतात. फर्स्ट बेसवरच्या एखाद्या आडदांड फटकेबाजाला उचलून मागे बसवा आणि बघा एका वर्षात काय शिकतो ते. (पोझी काय, मे २००८ मध्ये एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला होता आणि वर ग्रँड स्लॅमही, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, मारला. त्याला मोजपट्टी लावू नका.)

---

पिचरची आई

मी आकडेवाली नाही. मुलगा एका छोट्या कॉलेजात तीन वर्षं पिचिंग करत होता, त्यामुळे मी प्लास्टिकच्या घडीच्या खुर्चीवर बसून, थर्मासमधला चहा पीत भरपूर सामने पाहिलेत.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या संघात अगदी खडूस पंचांच्या पसंतीचा कॅचर होता. चांगला मुलगा, घरी जेवायलाही आलेला. बॅटिंगला आला की आम्ही सगळे उठून उभे राहायचो. पण माझा मुलगा त्या वर्षी मला अनोळखी वाटायला लागला. त्याचा हुकमी चेंडू म्हणजे कर्व्ह, तोच टाकेना. मी एकदा न राहवून विचारलं. म्हणाला, "आई, खाली टाकला की मागे जातो, मग कोच माझ्याकडेच बघतात." अशा वेळी चेंडू जास्तच भरकटला असं स्कोअररला वाटलं तर तो वाइल्ड पिच म्हणून पिचरच्या नावावर लागतो आणि कॅचरचा हात स्वच्छ राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी कॅचर बदलला. नवा मुलगा बॅटिंगला आला की मी चहा ओतून घ्यायचे, एवढंच सांगते. पण कर्व्ह परत आला.

---

आकडेमोड

भावना पोचल्या, आता थोडा हिशेब. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक पातळीच्या, विश्लेषणात वापरले जाणारे ठोकळ भाव घेतोय. कॉलेजात धावा जास्त होतात, त्यामुळे तिथे थोडं वरखाली होईल.

धागाकर्त्यांचीच पोरं घेऊ. २०० ॲट-बॅटमध्ये ०.२४० म्हणजे ४८ हिट्स, ०.३३० म्हणजे ६६. फरक १८ हिट्सचा. आउटच्या जागी हिट झाली की साधारण पाऊण धाव वाढते. म्हणजे मोसमाला १३-१४ धावा. दुसऱ्याच्या होम रनचे वरचे पैसे अजून धरलेले नाहीत.

आता हातांची बाजू. रनर पुढे सरकेल असा चेंडू मागे गेला तर नुकसान सुमारे पाव धाव. चांगला कॅचर मोसमात असे १५ चेंडू जास्त अडवत असेल तर ४ धावा. दुसरा बेस चोरणाऱ्याला (चेंडू टाकला जात असताना तिकडे धावणाऱ्याला) बाद केलं तर, यशस्वी चोरीच्या तुलनेत, सुमारे ०.६ धावेचा फायदा. असे आठ जास्त मारले तर ५ धावा. उरलं फ्रेमिंग, म्हणजे काठावरचा चेंडू अशा सफाईनं पकडायचा की पंचाचा हात स्ट्राइकसाठी वर गेला पाहिजे. बॉलचा (बॅटरनं सोडलेला, टप्प्याबाहेरचा चेंडू) स्ट्राइक झाला की सुमारे एक अष्टमांश धाव. सामन्याला असा फक्त एकच चेंडू जास्त मिळवला तरी पन्नास सामन्यांत ६ धावा.

बेरीज १५. म्हणजे ९० पॉइंटांचा (०.२४० ते ०.३३०) फरक असताना जवळपास बरोबरी. फरक ४० पॉइंटांचा असेल तर डोळे मिटून हात घ्या. दुसरा दहा-बारा होम रन मारणारा असेल तर बॅट. न टाकलेला स्लायडर मला मोजता येत नाही हे मान्य. पण जे मोजता येत नाही ते अमर्याद आहे असं धरून चालायचं नसतं.

---

शिवाजी पार्क ते शार्लट

हा वाद आपल्याला नवा आहे का? नरेन ताम्हाणे आठवा. २१ कसोटी, ५१ बळी, त्यात १६ यष्टिचीत, आणि बॅटिंग सरासरी १० च्या घरात. स्टंपमागे त्यांच्यासारखा सफाईदार माणूस नव्हता असं जुनी मंडळी शपथेवर सांगायची. मग कुंदरन आले, फारुख इंजिनियर आले, आणि बॅट घेऊन आलेल्यांनी जागा घेतली. २००३ च्या वर्ल्ड कपला तर द्रविडला ग्लोव्हज घालून उभं केलं, एक बॅट्समन जास्त खेळवता यावा म्हणून. फायनलपर्यंत गेलो की नाही? काळ बॅटवाल्यांचा आहे, कॅचर असो की कीपर.

---

डावखुरा

पार्कवाले, तुलना छान आहे पण दोन जागी फाटते. एक, वेगवान गोलंदाजीला कीपर वीस पावलं मागे उभा राहतो. कॅचर बॅटच्या कक्षेत उकिडवा बसतो आणि नव्वद मैलांचा चेंडू छातीवर घेतो. द्रविडला गुडघे टेकून चेंडूपुढे भिंत व्हावं लागलं नव्हतं. (होता तो भिंतच, पण वेगळ्या अर्थानं.)

दोन, आणि हे धाग्यात अजून कुणी बोललेलंच नाही: कॉलेज बेसबॉलमध्ये डीएच आहे. पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा दहावा माणूस. मग ०.३३० वाल्याला बाकावर कशाला बसवता? त्याला डीएच करा, ०.२४० वाल्याला मागे बसवा. खरी तुलना या दोघांत नाहीच. पहिला कॅचर आणि दुसरा डीएच, की दुसरा कॅचर आणि संघातला पुढचा बरा बॅटर डीएच, हे ठरवायचं असतं. म्हणजे ०.२४० ची स्पर्धा ०.३३० शी नाही, बाकावरच्या त्या पुढच्या बॅटरशी आहे. तो ०.२७० चा असेल तर आकडेमोड यांचे १३ धावांचे चार-साडेचार होतात.

---

आकडेमोड

हे मी धरायला हवं होतं. हिशेब बदलतो, आणि बराच. +१.

---

खडूस पंच

कागदावर झकास. मैदानावर शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन सामने, मंगळवारी चौथा. कॅचरचे गुडघे मेणाचे नसतात पण लोखंडाचेही नसतात. तुमचा पहिला जायबंदी झाला आणि डीएचला मागे बसवावं लागलं की डीएचची सोयच त्या सामन्यापुरती संपते, पिचर बॅट घेऊन उभा राहतो. म्हणून कोच दुसऱ्या कॅचरला डीएच करताना दहादा विचार करतात, तिसरा कॅचर हाताशी ठेवतात. तिसऱ्याची बॅटिंग काय असते ते सांगत नाही.

शिवाय हातांचा भाव दिवसेंदिवस उतरतोय. कुठला चेंडू टाकायचा हे पूर्वी कॅचरचं डोकं होतं म्हणतात. कॉलेजात बहुतेक ठिकाणी ते कधीच नव्हतं, कोच डगआउटमधून खुणा करायचे. २०२२ पासून तर इलेक्ट्रॉनिक साधनानं थेट आकडा पाठवायला परवानगी आहे. जॉर्जिया टेकमध्ये जोई बार्ट स्वतः पिच ठरवायचा, आणि ती त्या काळी बातमी झाली होती यातच सगळं आलं. आता राहिलं फ्रेमिंग. २०२५ च्या एसईसी (दक्षिणेकडच्या कॉलेजांचा गट) स्पर्धेत, हूव्हरला, बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागायची सोय होती. मेजर लीगमध्ये २०२६ पासून तेच. आकडेमोड यांच्या १५ मधले ६ तिथेच गळाले.

आणि काइल श्वार्बर विसरू नका. इंडियानाचा कॅचर. २०१३ मध्ये १८ होम रन, आणि त्या वर्षी इंडियाना ओमाहाला पोचलं. १९८४ च्या मिशिगननंतर बिग टेन या कॉलेजांच्या गटातला तिथे पोचणारा पहिला संघ. पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्याला कॅचर ठेवलं नाही, आउटफिल्ड आणि डीएच करून टाकलं. पण कॉलेजच्या कोचला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याला जूनमध्ये ओमाहा हवं असतं.

---

ओमाहाची वारी

यंत्राचं म्हणाल तर दाद मोजक्याच वेळा मागता येते. बाकीचे सोडलेले चेंडू पंचच ठरवतो, त्यामुळे फ्रेमिंग गळालं नाही, फार तर दोन धावा गेल्या. आणि कुठला चेंडू टाकायचा हे डगआउटनं सांगितलं तरी तो अडवायचा कुणी? यंत्रानं?

चोरीच्या बाबतीत मात्र मीच माझ्या बाजूचं थोडं कमी करतो. होम प्लेटपासून दुसरा बेस १२७ फुटांवर आहे. चांगला कॅचर चेंडू पकडल्यापासून तिथे पोचवायला दोन सेकंद घेतो, उत्तम असेल तर त्याहून एक दशांश कमी. पिचर चेंडू सोडायला १.३ ऐवजी १.५ सेकंद लावत असेल तर कॅचरनं वाचवलेला तो दशांश कुठल्या कुठे जातो. चोरी अर्धीअधिक पिचरवर होते आणि शिव्या कॅचर खातो.

श्वार्बरला माझ्याकडे उत्तर नाही. तसा फटकेबाज मिळाला तर मीही त्याला मागे बसवीन आणि डोळे मिटून घेईन. पण तसे मिळतात किती? धाग्यातला दुसरा पोरगा श्वार्बर नाही, ०.३३० चा आहे. ॲल्युमिनियमच्या बॅटनं.

---

डावखुरा

अजून एक. सॅन फ्रान्सिस्कोकडून मेजर लीगमध्ये आलेला पॅट्रिक बेली हातांसाठीच ओळखला जातो, बॅट बेतास बात. पण नॉर्थ कॅरोलायना स्टेटला असताना तो चांगलाच मारायचा, ड्राफ्टमध्ये तेरावा उगाच नाही गेला. वरच्या पातळीवर ज्यांना आपण फक्त हातांचे कॅचर म्हणतो ते कॉलेजात दोन्ही करत होते. कॉलेजातच जो फक्त हातांचा आहे, त्याच्यासाठी वरचं दार बहुधा बंद असतं. हे पोरांनाही माहीत असतं. म्हणून ते सरावाचा जास्त वेळ बॅटिंगच्या जाळीत घालवतात आणि मातीतले चेंडू छातीवर घ्यायचा सराव कंटाळत करतात.

---

पिचरची आई

मुलाला काल फोनवर हा धागा वाचून दाखवला. आता नोकरी करतो, रविवारी हौशी लीगमध्ये खेळतो. मी विचारलं, तू कुणाला घेशील? लगेच म्हणाला, ज्याच्यावर मी खाली टाकू शकतो त्याला.

मग थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, "पण आई, तिसऱ्या वर्षी आपण एक-शून्यानं किती सामने हरलो ते आठवतंय का तुला?"