सीटीओ: वायर सबइंटिमल गेली की पुढे काय?

कॅथलॅब_शिकाऊ:
मिड आरसीए सीटीओ (उजव्या हृदयधमनीच्या मधल्या भागात जुना, पूर्ण ब्लॉक), तोंड बोथट, ब्लॉक 30 मिमी, कॅल्शियम भरपूर. जे-सीटीओ स्कोअर (ब्लॉक पार करणं किती अवघड, याचे गुण) 3. फील्डर एक्सटी ही मऊ वायर अडते, तिच्याहून कडक गाया सेकंड घेतली की सबइंटिमल, म्हणजे धमनीच्या भिंतीच्या थरांत जाते. मागे घेऊन किती वेळा प्रयत्न करायचा? मध्ये इंजेक्शन देऊन वायर कुठे आहे ते पाहावं का?

दोन_शीथ:
पुढून इंजेक्शन अजिबात नको! कॉन्ट्रास्टच्या दाबाने हिमॅटोमा (भिंतीत साठलेलं रक्त) खाली उकलत जातो, डिस्टल ट्रू लुमेन (ब्लॉकपुढची धमनीची खरी पोकळी) चेपतं आणि री-एंट्रीला, म्हणजे वायर परत तिच्यात न्यायला, जागाच उरत नाही. डाव्या हृदयधमनीत दुसरा कॅथेटर पहिल्यापासून लावा. तिथे दिलेल्या कॉन्ट्रास्टने कोलॅटरलमधून (दोन धमन्यांना जोडणाऱ्या बारीक वाटांतून) डिस्टल व्हेसल भरते; वायर तिच्या आत की शेजारी, हे काटकोनातल्या दोन व्ह्यूंमध्ये ठरवा. एका व्ह्यूत सगळंच आत दिसतं.

तीच वायर घुसळत बसू नका, जागा रुंदावत जाते. पहिली तशीच खुणेसाठी ठेवून मायक्रोकॅथेटरमधून (वायरवरून जाणारी बारीक नळी) दुसरी, कडक वायर शेजारून न्या. पाच-दहा मिनिटांत प्रगती नसेल तर स्टिंगरे: चपटा बलून, 4 अ‍ॅटमॉस्फिअरला फुगवायचा, समोरासमोरच्या दोन छिद्रांपैकी लुमेनकडचं निवडून टोचायचं. टोचलं की कडक वायर पुढे रेटायची नाही. ती काढून पायलट 200 ही निसरडी वायर घ्या. हिमॅटोमा आधीच मोठा असेल तर मायक्रोकॅथेटरमधून सिरिंजने ओढून घ्या.

सेप्टलप्रेमी:
डिस्टल व्हेसल बारीक किंवा आजारी असेल तर स्टिंगरेवर वेळ घालवू नये. सेप्टल (हृदयाच्या मधल्या पडद्यातली कोलॅटरल) बरी असेल तर तिच्यातून रेट्रोग्रेड, म्हणजे ब्लॉकच्या मागून या, मग रिव्हर्स कार्ट: पुढून आलेल्या वायरवर बलून फुगवून जागा करायची, मागची वायर त्यात आणायची. ती पुढच्या कॅथेटरमधून बाहेर काढायला 330 सेंमीची आरजी3 वायर. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 350 सेकंदांच्या वर, दर अर्ध्या तासाने तपासा. डोनर (कोलॅटरल देणाऱ्या) एलएडीत, म्हणजे डावीकडच्या मुख्य धमनीत, गुठळी झाली तर आरसीए राहते बाजूला. एपिकार्डियल (हृदयाच्या पृष्ठभागावरची) कोलॅटरल शेवटचा पर्याय. फाटली तर दोन्हीकडून बंद करावी लागते.

शिशाचा_एप्रन:
एक राहिलं. परफोरेशन (धमनीला भोक) झालं की आधी बलून फुगवून रक्त थांबवा, मग एको. डोनर व्हेसलमध्ये वायर-कॅथेटर असताना प्रोटामिन (हेपरिनचा परिणाम उलटवणारं औषध) देऊ नका. वायर पार झालेली नसताना एक्स-रेचा डोस 5 ग्रे झाला, तर त्या दिवशी थांबा. प्लाक मोडून ठेवलेला असतो, त्यामुळे काही आठवड्यांनी दुसरा प्रयत्न बऱ्याचदा सोपा जातो.