डोंग्यातला लाईट आन् पंप मधेच बंद पडते, फॉल्ट सापडून नाही राहिला, मदत हवी आहे

राम राम भाऊ लोकहो, आमचा फायबरचा छोटा डोंगा आहे, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारीले चालते. 12 व्होल्टची बॅटरी, त्याच्यावर समोरचा लाईट आन् पाणी उपसायचा पंप, बस. महिना झाला, दोन्ही एकदमच बंद पडतात आन् दोन मिनिटात आपोआप चालू. काठाले बांधून ठेवला तर तासभर मस्त चालते, जाळं ओढाले एका बाजूले वाकलो की गेलं!

फ्यूज बदलला, टर्मिनल घासून ग्रीस लावलं. वायरमन म्हणते बॅटरीच बदला, पण मले नाही पटत, पंप चालू असताना मीटर बॅटरीवर 12.4 व्होल्ट आन् पंपाच्या वायरवर 9.8 दाखवते. मग पंप चालूच ठेवून मीटर बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्हपर्यंत लावला तर 2.4, पॉझिटिव्हकडं फक्त 0.2. म्हणजे गडबड निगेटिव्हमंदीच ना?

फळीखालचा एक जोड उघडला, टेपच्या आत तांबं हिरवंगार, बोटानं चोळलं तर भुकटीच पडली. तो नवीन केला, दोन दिवस बरं, परवा रात्री भर पाण्यात पुन्हा अंधार, डब्यानं पाणी उपसत काठावर आलो.

आता वायर पूर्ण फळीखालून जाते, सगळ्या फळ्या उखडाव्या का वरून नवीन निगेटिव्ह ओढून पाहावी? पंप 3 अँपिअरचा, लांबी बारा-तेरा फूट, तर किती एमएमची वायर घेऊ? आन् जोड पाण्यात टिकाले काय करता तुम्ही, टेप तर कामाचाच नाही.